आध्यात्मिक मैत्री (ख्रिस्ती जीवनातली)

आध्यात्मिक मैत्री म्हणजे दोन माणसांमधली (कधी तीन-चारही असतात) अशी मैत्री जिच्या मुळाशीच ख्रिस्त असतो, आणि एकमेकांना देवाच्या आणखी जवळ जायला मदत करणं हे जिचं मुख्य काम असतं. एकाच क्वायरमध्ये गाणं, एका युथ ग्रुपला असणं, रविवारी उपासना संपल्यावर बाहेर चहा घेत "काय मग, कसं चाललंय" करणं, हे सगळं चांगलंच आहे, त्यातूनच बऱ्याचदा सुरुवात होते, पण तेवढ्याला आध्यात्मिक मैत्री म्हणत नाहीत. सहभागिता हा शब्द अख्ख्या मंडळीसाठी वापरतात. ही गोष्ट त्यापेक्षा खूप अरुंद आणि खूप खोल आहे. तुमची प्रार्थना गेले सहा महिने कोरडी पडलीय, पैशाच्या बाबतीत तुम्ही कुठे घसरलात, भावाशी तुम्ही का बोलत नाही, हे ज्याला माहीत आहे आणि माहीत असूनही जो तुमच्यासाठी गुडघ्यावर बसतो, तो आध्यात्मिक मित्र.

आपल्याकडे संतसंग म्हणतात त्याच्या जवळ जाणारी ही कल्पना आहे पण एक फरक आहे. संतसंगात एक पुढे गेलेला असतो आणि दुसरा त्याच्या पायाशी बसतो. इथे दोघंही वाटेवरचेच. पाळक किंवा फादर यांच्याशी असलेलं नातंही वेगळं, तिथे एक जण राखणारा असतो. मैत्रीत आज मी तुला सावरतो, उद्या तू मला, आणि कोणी कोणाचा हिशोब ठेवत नाही.

या मैत्रीची किंमत काय, असा प्रश्न ख्रिस्ती लेखनात पुन्हा पुन्हा येतो. बहुतेक लोकांना वाटतं किंमत म्हणजे वेळ द्यावा लागतो, रात्री-बेरात्री फोन उचलावा लागतो. ते आहेच, पण खरी किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते असं मला वाटतं: एक, मित्राला खरं सांगताना, आणि दोन, मित्राला आपल्या हातातून सोडून देवाच्या हातात देताना.

बायबलमधला पाया

सगळ्यात जुनं आणि सगळ्यात पूर्ण चित्र दावीद आणि योनाथान यांचं. योनाथान शौल राजाचा मुलगा म्हणजे गादीचा वारस, आणि दावीद बेथलेहेमचा मेंढरं राखणारा पोरगा. गल्याथाला मारून दावीद राजापुढे आला तेव्हा योनाथानाचा जीव त्याच्या जिवाशी जडला, आणि मग १ शमुवेल १८ मध्ये लिहिलंय की त्याने अंगातला झगा काढून दाविदाला दिला, वस्त्रं दिली, तलवार दिली, धनुष्य दिलं, कमरबंदसुद्धा दिला. संडे स्कूलमध्ये हे इतक्यांदा ऐकलेलं असतं की आपण सरळ पुढे जातो. पण त्याच पुस्तकाच्या १३ व्या अध्यायात एक ओळ आहे, पलिष्ट्यांनी देशात लोहारच राहू दिला नव्हता म्हणून लढाईच्या दिवशी इस्राएलात तलवार फक्त दोघांकडे होती, शौलाकडे आणि योनाथानाकडे. ते डोक्यात ठेवून परत वाचा. झगा म्हणजे राजपुत्राची ओळख आणि तलवार म्हणजे जी देशात जेमतेम कोणाकडे होती ती वस्तू, आणि हा माणूस ती काढून एका मेंढपाळाच्या हातात देतोय जो पुढे त्याच्याच जागेवर बसणार आहे.

पुढे बाप त्याला स्पष्ट सांगतो की हा इशायाचा पोरगा (म्हणजे दावीद) जिवंत आहे तोवर तुझं राज्य टिकणार नाही, आणि योनाथान ऐकत नाही तेव्हा त्याच्यावरच भाला फेकतो. नंतर दावीद रानात लपून बसलेला असताना योनाथान तिथे जातो आणि देवाच्या ठायी त्याचा हात बळकट करतो. आध्यात्मिक मैत्रीची यापेक्षा चांगली व्याख्या मला तरी माहीत नाही. तो म्हणाला नाही की माझ्यावर भरवसा ठेव, मी बाबांना समजावतो. त्याने दाविदाचा हात देवाच्या हातात दिला आणि घरी परत गेला. दोघांची ती शेवटची भेट. गिलबोवाच्या डोंगरावर योनाथान बापाच्या शेजारीच लढताना मेला, म्हणजे मित्रासाठी त्याने बापही टाकला नाही.

आणि दाविदाच्या बाजूने ती मैत्री पुढच्या पिढीत उतरली. योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ पाच वर्षांचा असताना गिलबोवाची बातमी आली, दाई त्याला घेऊन पळाली, तो पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. दाविदाने राजा झाल्यावर त्याला शोधून काढलं, आजोबांची सगळी जमीन परत दिली आणि रोज आपल्या पंक्तीला जेवायला बसवलं. त्या काळात जुन्या राजघराण्याचा वारस जिवंत ठेवणं म्हणजे धोकाच होता.

नव्या करारात योहान १५ हा कळीचा अध्याय. पकडला जायच्या रात्री येशू शिष्यांना सांगतो की आता मी तुम्हाला दास म्हणत नाही, मित्र म्हणतो, कारण पित्याकडून ऐकलेलं सगळं मी तुम्हाला सांगितलंय. आणि मित्रांसाठी जीव देणं यापेक्षा मोठी प्रीती नाही. म्हणजे मैत्रीची खूण काय, तर काही लपवलेलं नाही. आणि त्याच रात्री हे मित्र गेथशेमानेत झोपले, पेत्राने तीनदा ओळख नाकारली, आणि यहूदा सैनिक घेऊन आला तेव्हाही मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू त्याला मित्रा अशीच हाक मारतो. ती हाक वाचून थांबायला होतं.

बाकी नीतिसूत्रे २७ मध्ये मित्राने केलेल्या जखमा वैऱ्याच्या मुक्यांपेक्षा खऱ्या असं आहे, पौलाने अंत्युखियात पेत्राला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं ते गलतीकरांस २ मध्ये आहे, आणि २ तीमथ्यात अनेसिफर नावाचा माणूस आहे ज्याने रोममध्ये कैदेतल्या पौलाला शोधून शोधून गाठलं आणि त्याच्या बेड्यांची लाज धरली नाही. तुरुंगात पडलेल्या माणसाशी ओळख दाखवायची लाज काय असते हे आजही सगळ्यांना कळतं.

एल्रेड आणि त्याचं पुस्तक

या विषयावर नीट बसून पहिलं मोठं पुस्तक लिहिलं ते बाराव्या शतकातल्या एल्रेडने. हा इंग्लंडमध्ये हेक्सहमला १११० मध्ये जन्मला, तरुणपणी स्कॉटलंडचा राजा पहिला डेव्हिड याच्या दरबारात होता, ११३४ मध्ये ते सगळं सोडून यॉर्कशायरमधल्या रीव्हो इथल्या सिस्टर्शियन मठात गेला आणि ११४७ पासून ११६७ मध्ये मरेपर्यंत तिथला मठाधिपती राहिला. मुलगा असताना त्याने जुन्या रोमन लेखक सिसेरोचं मैत्रीवरचं लॅटिन पुस्तक वाचलं होतं आणि ते त्याला फार आवडलेलं, पण नंतर त्यात येशूचं नाव नाही म्हणून ते पुरेना, मग त्याने स्वतःच संवादाच्या रूपात आध्यात्मिक मैत्रीवर लिहिलं. सुरुवातच अशी आहे की आपण इथे दोघं आहोत, तू आणि मी, आणि मला आशा आहे की आपल्यात तिसरा ख्रिस्त आहे. सगळी कल्पना या एका वाक्यात येते. दोन माणसं एकमेकांकडेच बघत बसली की मैत्री लवकर गुदमरते, तिसरा मध्ये असला की दोघांनाही श्वास घ्यायला जागा राहते.

एल्रेडने मैत्रीचे तीन प्रकार केले, देहाच्या ओढीची, फायद्याची आणि आध्यात्मिक. मित्र एकदम करू नये असं तो बजावतो: आधी निवड, मग पारख, मग स्वीकार, आणि त्यानंतर मनं जुळणं. पारख यावर त्याचा सगळ्यात जास्त भर आहे आणि हे आजच्या माणसाला जरा थंड वाटतं. पण त्याचं म्हणणं साधं आहे, प्रीती सगळ्यांवर करायची, वैऱ्यावरही, पण मन उघडायचं ते पारखलेल्या माणसापुढेच. ख्रिस्ती लोकांत याचा खूप गोंधळ होतो. सगळ्यांवर प्रीती करा म्हटलंय म्हणून सगळ्यांना सगळं सांगत सुटणारे लोक मी पाहिलेत आणि मग त्यांना पोळलेलंही पाहिलंय.

त्या काळी मठांमध्ये खास मैत्रीकडे संशयानेच बघितलं जायचं, कारण दोघांची जोडी जमली की तिसरा बाहेर पडतो आणि गट पडतात. ही भीती खोटी नव्हती. एल्रेडने ती मान्य करूनही मैत्रीची बाजू घेतली. आजारपणामुळे शेवटची काही वर्षं तो मठातच एका खोपटात राहायचा आणि त्याच्या चरित्रात असं वर्णन येतं की वीस-तीस साधू एकावेळी त्याच्या पलंगाभोवती बसून गप्पा मारायचे, कोणी त्यांना हाकलत नसे.

वेस्लीच्या टोळ्या

एल्रेडची मैत्री मठातली होती, अठराव्या शतकात मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने ती खाणकामगार, विणकर, दुकानदार यांच्यात आणली. २५ डिसेंबर १७३८ ला त्याने छोट्या गटांचे नियम लिहून काढले. आठवड्यातून एकदा भेटायचं आणि प्रत्येकाला विचारायचं: मागच्या भेटीनंतर तुझ्या माहितीत कोणती पापं घडली, कोणते मोह आले, त्यातून कसा सुटलास. आत घेण्याआधीच विचारायचे की तुझ्या चुका तुला आडपडदा न ठेवता सांगितलेल्या चालतील का. घाबरून जायला होतं, पण निदान आत येणाऱ्याला किंमत आधीच माहीत होती.

गोव्यातला खिसा: झेवियर

१५२९ मध्ये पॅरिसच्या सेंत बार्ब कॉलेजात एका खोलीत तीन विद्यार्थी राहायला लागले, पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर हे दोघं १५०६ मध्ये जन्मलेले, आणि त्यांच्यापेक्षा बराच मोठा, लढाईत पाय मोडून घेतलेला इग्नेशियस लोयोला. फेबर इग्नेशियसला अभ्यासात मदत करायचा आणि इग्नेशियस त्याला मनातल्या भीतीतून बाहेर काढायचा. झेवियर मात्र बरेच दिवस दाद देत नव्हता. १५ ऑगस्ट १५३४ ला माँमार्त्रला सात जणांनी मिळून नवस केले, त्यातूनच पुढे येशूसंघ झाला. हे लोक स्वतःला प्रभूमधले मित्र म्हणवत.

मग मैत्रीचं बिल आलं. भारतात जायला ठरलेला माणूस आजारी पडला आणि १५४० मध्ये इग्नेशियसने आपल्या सगळ्यात लाडक्या मित्राला पाठवलं. झेवियर ६ मे १५४२ ला गोव्यात उतरला आणि दोघं परत कधीच भेटले नाहीत. पत्रं यायला-जायला वर्षं लागायची. १५४६ मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटावरून त्याने मित्रांना लिहिलं की तुमच्या पत्रांतून तुमच्या हातच्या सह्या मी कापून घेतल्यात आणि त्या माझ्या व्रताच्या कागदाबरोबर कायम अंगावर बाळगतो. कात्रीने कापलेल्या कागदाच्या चिंध्या, घामाने भिजणाऱ्या, समुद्राच्या खाऱ्या हवेतल्या, पण हातचं अक्षर आहे म्हणून जपलेल्या. व्हॉट्सॲपच्या जमान्यात आपल्याला हे पूर्ण कळणार नाही.

झेवियर ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळ सांचियान बेटावर गेला. ही बातमी युरोपात पोचलेली नसताना २८ जून १५५३ ला इग्नेशियसने त्याला परत बोलावणारं पत्र लिहिलं. तोवर झेवियर जाऊन सहा महिने उलटले होते. त्याचं शव आज जुन्या गोव्यात बॉम जेझूस बॅसिलिकात आहे.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ज्या १५४६ मध्ये त्याने सह्यांबद्दल लिहिलं त्याच वर्षी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून त्याने गोव्यासाठी इन्क्विझिशनची, म्हणजे धर्माविरुद्ध जाणाऱ्यांना पकडून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाची, मागणीही केली, आणि १५६० पासून गोव्यात त्याचे जे भोग लोकांनी भोगले ते सगळ्यांना माहीत आहेत. म्हणजे मित्रांवर जीव टाकणारा माणूस मित्रांच्या वर्तुळाबाहेरच्या लोकांशी तितकाच मायेने वागेल असं नाही. आध्यात्मिक मैत्रीवर लिहिणारे बरेच जण ही बाजू टाळतात, पण ती टाळली तर योहान १५ अर्धाच वाचल्यासारखा होतो.

"आम्हाला मित्र द्या"

१९१० मध्ये एडिनबरोला जागतिक मिशनरी परिषद भरली. बाराशेच्या आसपास प्रतिनिधी, जवळपास सगळे युरोप-अमेरिकेतले. तिथे तमिळ ख्रिस्ती व्ही. एस. अझर्याह उभे राहिले आणि मिशनरी आणि भारतीय कामकरी यांच्यातल्या अंतराबद्दल बोलले: बरोबर जेवण नाही, घरी येणं-जाणं नाही, मालक आणि नोकर असं नातं. शेवटी १ करिंथ १३ ची आठवण देत ते म्हणाले की तुम्ही गरिबांसाठी आपली मालमत्ता दिलीत, शरीरं जाळायला दिलीत, आम्ही प्रीतीही मागतो, आम्हाला मित्र द्या. काही लोक चांगलेच दुखावले. १९१२ मध्ये अझर्याह दोर्नाकलचे बिशप झाले, अँग्लिकन चर्चमधले पहिले भारतीय बिशप.

त्या भाषणाने एक मुद्दा कायमचा नोंदला गेला की दान आणि मैत्री वेगळ्या गोष्टी आहेत. देणारा वर आणि घेणारा खाली असला की कितीही त्याग केला तरी त्याला मैत्री म्हणता येत नाही. महाराष्ट्रात हेच दुखणं रेव्हरंड ना. वा. टिळकांना होतं. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला त्यांनी देवाचा दरबार सुरू केला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एका पंक्तीला बसवायला. आणि १९२२ मध्ये जॅक विन्स्लो यांनी अहमदनगरला ख्रिस्त सेवा संघ काढला तिथे इंग्रज आणि भारतीय एका छपराखाली राहून एकच जेवण जेवत. काळ्या-गोऱ्याने मांडीला मांडी लावून जेवणं ही तेव्हा छोटी गोष्ट नव्हती.

आजच्या मंडळीत

हल्ली प्रेयर पार्टनर, अकाउंटेबिलिटी पार्टनर, सेल ग्रुप असे शब्द चालतात. मुळात गोष्ट तीच आहे, आठवड्यातून एकदा भेट, वचन वाचायचं, मन मोकळं करायचं, प्रार्थना करायची. जिथे हे नीट चालतं तिथे माणसं खरोखर बदलतात, दारू सुटते, वीस वर्षं न बोलणारे भाऊ बोलायला लागतात.

पण दोन रोग फार पसरलेत. पहिला म्हणजे प्रार्थनेच्या नावाखाली चुगली. "तिच्यासाठी जरा प्रार्थना करा हं, घरी खूप प्रॉब्लेम चाललाय" असं म्हणत एकाचं गुपित बारा जणांच्या ग्रुपवर जातं. माझ्या बाबतीतही हे झालंय. एका बाईला मी विश्वासाने सांगितलेली गोष्ट पुढच्या शुक्रवारच्या घरगुती प्रार्थनेत मोठ्याने, डोळे मिटून, अगदी कळवळ्याने देवापुढे मांडली गेली आणि मी तिथेच सतरंजीवर बसले होते. त्यानंतर दोन वर्षं मी कोणालाच काही सांगितलं नाही. एल्रेडने मैत्री मोडणाऱ्या पाच गोष्टी सांगितल्यात: निंदा, टोचून बोलणं, गर्व, गुपित फोडणं आणि पाठीमागून घात. चौथ्याला मी पहिलं ठेवीन.

दुसरा रोग म्हणजे मैत्रीच्या जागी ताबा. "देवाने मला तुझ्याबद्दल दाखवलंय" असं म्हणून कोणी तुमचं लग्न, नोकरी, कोणाशी बोलायचं हे ठरवायला लागला तर ती आध्यात्मिक मैत्री नाही, मग तो कितीही उपास करो. योनाथानाने दाविदाला बांधून घेतलं नाही.

मैत्री उसवते तेव्हा

सगळ्या आध्यात्मिक मैत्र्या टिकत नाहीत. पौल आणि बर्णबा यांचं योहान मार्कावरून इतकं बिनसलं की दोघं वेगळ्या वाटेने गेले. चौथ्या शतकात बेसिल आणि नाझियान्झसचा ग्रेगरी अथेन्सपासूनचे मित्र, पण बेसिलने स्वतःच्या चर्चच्या राजकारणासाठी ग्रेगरीला सासिमा नावाच्या धुळीने भरलेल्या गावचा बिशप केलं ते ग्रेगरी कधी विसरला नाही, आणि तरी बेसिल गेल्यावर दोन देहांत एक जीव होता असं तोच म्हणाला. एल्रेड सांगतो की मैत्री सोडावीच लागली तर शिवण टाका-टाका उसवावी, कापड टरकावू नये, आणि मैत्री संपली तरी प्रीती संपू देऊ नये, जुनी गुपितं झाकूनच ठेवावीत.

मराठी ख्रिस्ती इतिहासात याचं सगळ्यात जवळचं उदाहरण पंडिता रमाबाई आणि वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांचं. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला लेक मनोरमेसोबत बाप्तिस्मा घेतला, जेराल्डिन त्यांची धर्ममाता. पण वर्षभरातच वाद सुरू झाले. त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा) सिद्धांत मला पटल्याशिवाय मी मानणार नाही, असं रमाबाई म्हणायच्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, ती मला कळत नाहीत आणि माझ्या देशातल्या बायांनाही कळणार नाहीत, तिथे संस्कृत का नको, असंही त्यांनी विचारलं. इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमला रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यावरून भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली तेव्हा तर रमाबाईंचा संतापच झाला. जेराल्डिनला हे सगळं गर्व वाटायचं, रमाबाईंना ते देवाने दिलेल्या सदसद्विवेकाचं ऐकणं वाटायचं. पत्रं वाचली तर दोन्हीकडचं दुखणं दिसतं, एक जण लेकीला हरवतेय अशी धास्तावलेली आणि दुसरी मैत्रीण हवी असताना वरिष्ठ मिळाली म्हणून घुसमटलेली. माझं मन रमाबाईंकडे झुकतं. जेराल्डिनची माया खोटी नव्हती, पण तिला रमाबाई देवाच्या हाती सोडवेनात.

फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला निघून गेल्या, पुढे पुण्यात आणि केडगावला त्यांनी काय उभं केलं ते सगळ्यांना माहीत आहे. पण धागा तुटला नाही. मनोरमा लहानपणी बराच काळ जेराल्डिनच्या देखरेखीखाली होती आणि पत्रांमध्ये जेराल्डिनला आजीबाई म्हटलेलं सापडतं. आणि ज्या पत्रांत रमाबाईंनी तिला सुनावलं होतं, ज्यात ती स्वतः चुकीची ठरू शकत होती, तीही जेराल्डिनने फाडून टाकली नाहीत, सगळी गोळा करून जपून ठेवली. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती छापली, म्हणून आज आपल्याला दोघींचा आवाज ऐकू येतो.